आत्याच्या लॉजातल्या आठ खोल्या

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी सांगलीत चित्रकलेची परीक्षा पास होऊन घरी बसले होते. माझी आत्या विधवा. महाबळेश्वरला आठ खोल्यांचं लॉज ती एकटीच चालवायची. दिवाळीचा सीझन तोंडावर आला तसं तिनं मला बोलावून घेतलं. खोल्या नव्यानं सजवायच्या होत्या. तिच्या मनात गुलाबी ऑइलपेंट आणि प्लॅस्टिकची फुलं होती.

मी म्हटलं, एवढं रान बाहेर असताना आत प्लॅस्टिक कशाला? आत्यानं मागच्या बाजूची, कुणी घेत नसे ती खोली मला दिली. ती जमली तर पुढचं बघू, म्हणाली.

भिंतींना चुन्यात गेरू कालवून दिला, जांभ्या दगडासारखा रंग आला. दाराकडे तोंड करून असलेला पलंग खिडकीकडे वळवला, म्हणजे उठल्या उठल्या दरी दिसावी. मेढ्याच्या बाजारातून बांबूच्या टोपल्या आणल्या आणि उलट्या टांगून दिव्यांवर घातल्या. घोंगड्यांसाठी मात्र सांगलीला परत गेले. तिथल्या बाजारात जिल्ह्याच्या पूर्वेकडची एक धनगर म्हातारी घोंगडी विकायची. एक पलंगासाठी घेतलं आणि दुसरं भिंतीला लावायला हवं, असं सांगितलं.

"भिताडाला थंडी वाजतीया व्हय गं?" तिनं विचारलं. मग ढिगातलं तळाचं एक ओढून माझ्या हातात दिलं. "ह्ये घे. अंगाला लय टोचतंय. भिताड काय रडायचं न्हाई."

ते घोंगडं काळंभोर, कडेला पांढरी रेघ असलेलं. भिंतीवर फार देखणं दिसलं.

बसायला मी पडलेल्या जांभळीचे ओंडके कापून आणले होते. दुसऱ्या दिवशी त्यांतून मुंग्यांची रांग निघाली ती थेट उशीपर्यंत. मला रडूच आलं. आत्या दारात उभी राहून बघत होती.

"निसर्ग आत आला खरा," ती म्हणाली आणि स्वतःच रॉकेलचं फडकं घेऊन खाली बसली. ओंडके आम्ही दोघींनी मिळून पुसले, अंगणात उन्हात टाकले.

ते वाळल्यावर पुन्हा आत नेले. त्या दुपारी आत्या जेवून तिथं जरा आडवी झाली, पलंग कुरकुरतो का बघायला. एरवी दुपारी कधी पाठ न टेकणारी बाई. चहा झाला, ऊन उतरलं, तरी बाहेर येईना. मी डोकावले तर घोंगडं गळ्यापर्यंत ओढून शांत घोरत होती.

उठून आली तेव्हा तिच्या गालावर उशीचे वळ होते.

"बाकीच्या सात कधी करतेस?" एवढंच विचारलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आठवी खोली पुरी झाली. पाहुणे आले, तेव्हा मागची खोली आधी भरली. पुण्याचं एक वयस्क जोडपं दोन दिवसांसाठी आलं आणि आठवडाभर राहिलं. पुढं गावातल्या आणखी दोन लॉजवाल्यांनी मला बोलावलं. आत्या त्यांना सांगायची, पोरगी माझी आहे, विचारायचं ते आधी मला विचारा.