डब्यात उरलेल्या कॅप्सूल

दादा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत अँटिबायोटिकच्या कॅप्सूल भरायच्या मशीनवर होता. उमरोळीला घरी आला की त्याच्या कपड्यांना त्या पावडरीचा उग्र वास यायचा. आई ते वेगळ्या बादलीत भिजवायची. गावात त्याला अर्धा डॉक्टर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. दाढ दुखली की तो दुकानातून तीच कॅप्सूल आणायचा, दोन घ्यायचा आणि ठणका थांबला की उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या डब्यात ठेवून द्यायचा, पुढच्या वेळेला. आपल्या हातचं औषध आपल्याला लागू पडतं, असं त्याचं म्हणणं.

मी बोईसरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पुवाचा नमुना प्लेटवर पसरायचा, त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, हे माझं काम. जे औषध लागू असतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळा गोल दिसतो. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, हे मी लॅबमधल्या नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आणि स्वतःची हिरडी सुजली की त्याच डब्यात हात घालायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ती दाढ दादाने तीन वर्षं अंगावर काढली. मुळाशी पू आहे, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, रूट कॅनॉल करावं लागेल, असं दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्याला शिफ्टमधून सवड होत नव्हती. एकदा सकाळी मी ड्यूटीला निघाले असताना त्याने विचारलं, “बाय, डॉक्टर कॅप्सूल पाच दिवस घे बोलला. आता दुखत तर नाय. पुढे घेऊ का?”

मी चपला घालत होते. “दुखत नाही ना? मग राहू दे,” म्हटलं.

गेल्या भाद्रपदात एका सकाळी त्याचा जबडा सुजून गळ्यापर्यंत आला. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. हॉस्पिटलात पू काढला आणि नमुना आमच्याच लॅबला आला. बाटलीवर त्याचं नाव होतं. मी त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. दादा भरायचा त्या औषधाच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. शेजारच्या दोन चकत्यांचंही तेच. एका इंजेक्शनच्या चकतीभोवती तेवढा गोल होता. मी उभ्या उभ्या हॉस्पिटलात फोन केला, त्यांनी लगेच औषध बदललं. पण पू तोवर छातीत उतरला होता. तिसऱ्या दिवशी दादा गेला. त्याचा रिपोर्ट मीच टाइप केला होता, खाली सही माझीच आहे.

तेराव्यानंतर आठवडाभराने आईची दाढ ठणकायला लागली. मी घरी आले तेव्हा ती फळीवरचा डबा काढून बसली होती.

“त्याच्या हातच्या हायत,” ती म्हणाली. “दोनच घेते.”

मी डबा काढून घेतला. नाही म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. ती डब्याकडे बघत रडत राहिली. नाही म्हणायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. त्या सकाळी दादाला ‘पाच दिवस घे’ म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता.