दहा किलोचा हट्ट

आमच्या मालात बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या घाऊक व्यापाऱ्याने पाणी घातलं आणि दोष माझ्या केमिस्टच्या माथी मारला. कोणी कोणाला फसवलं, ते एवढंच. आता तो केमिस्ट माणूस कसा होता ते ऐका.

भरलेली बाटली उजेडात धरायची आणि तिच्यामागे कन्नड वर्तमानपत्र. बारीक अक्षर वाचता आलं तरच माल गाडीत. एखादी ओळ अंधुक दिसली की म्हणायचे, "सरी इल्ला, बरोबर नाही, मालक. स्वल्प थांबा." घाई माझी, थांबवणार ते.

मूळचे निपाणीकडचे. के. आर. पुरमहून बसने होसकोट्याला माझ्या शेडमध्ये यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आम्ही गवती चहाच्या तेलाचं फरशी पुसायचं औषध बनवतो. तेल पाण्यात विरघळत नाही, हे तुम्हीही आमटीवरच्या तवंगात पाहिलं असेल. अण्णा आधी पाण्यात एक पांढरी पूड विरघळवायचे, मग बारीक धारेने तेल सोडायचे. ढवळता ढवळता तेल दिसेनासं व्हायचं आणि पाणी काचेसारखं राहायचं.

मी विचारलं, "ही पूड करते काय?"

"तेलाचं आणि पाण्याचं पटत नाही. ही दोघांच्याही ओळखीची. एकटीदुकटी असली तर तिचं कोणी ऐकत नाही. पुरेशा जणी मध्ये बसल्या की भांडण मिटतं."

मी सायकलवर फिनेल विकून वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही. "शंभर लिटरला दहा किलो पूड? सातात बसवा, अण्णा."

"सातात सत्तर टक्के काम होत नाही, मालक. काहीच होत नाही."

मी ओरडलो, पिंपाचं झाकण आपटलं. त्यांनी शांतपणे सात किलोच्या प्रमाणात एक बादली करून माझ्यापुढे ठेवली. ताकासारखं पांढरं. "घ्या. तुमच्या भावात बसलं." बाटल्या भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर पुडीच्या बाबतीत मी तोंड उघडलं नाही.

मागच्या थंडीत व्यापाऱ्याचा निरोप आला, सगळा माल गढूळ आहे. आम्ही दोघं त्याच्या गोदामात गेलो. अण्णांनी एक बाटली हुंगली आणि म्हणाले, "वास अर्धा आहे." त्याच घाण्यातली, शेडमध्ये राखून ठेवलेली बाटली त्यांनी पिशवीतून काढली. ती स्वच्छ होती. ती ग्लासात ओतून त्यांनी वर थोडं थोडं पाणी सोडलं. ग्लास पांढरा झाला.

"पाणी वाढलं की पूड विरळ होते आणि तेल सुटतं. हे गिऱ्हाइकाच्या बादलीत व्हायचं असतं, शेठ. बाटलीत झालं म्हणजे पाणी आधीच पडलंय."

शेठने मोबाईलवरून मान वर केली नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बुड्ढे से लिखवा लो, गलती उसकी थी. नहीं तो माल बंद."

माझा सगळा माल त्यालाच द्यायचा, दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, असा पाच वर्षांचा करार. सही करताना मी स्वतःला फार हुशार समजलो होतो. त्यातली तीन वर्षं बाकी होती आणि शेडमध्ये नऊ बायका कामाला होत्या. कुठल्या बाजूने निघू?

शेडमध्ये परतल्यावर मी अण्णांपुढे कबुलीचा कागद ठेवला.

"चूक माझी आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"नाही."

"मग ते एकदा मोठ्याने सांगा, मालक."

मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. अण्णांनी सही केली, डबा उचलला आणि बसस्टॉपकडे निघून गेले.

तो कागद शेठने होसकोट्यातल्या इतर कारखान्यांत फिरवला. अण्णांना कोणी कामावर घेतलं नाही. आता ते निपाणीला मुलीकडे असतात. मी फोन केला की "सगळं सरी आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. माझी गाडी दर मंगळवारी अजूनही शेठच्याच गोदामाला जाते.

ती सही मी घेतली. तिचा जाब मला विचारा, मी देईन. पण शेठ, हे तुमच्यापर्यंत पोहोचेल, याची व्यवस्था मी केली आहे. निपाणीला जा. त्यांच्या मुलीसमोर, जावयासमोर उभे राहा आणि तुमच्या गोदामात नळ कोणी उघडला ते सांगा.