साडभाऊंनी लॅपटॉप खोलला तो दिवस

बंद झाकण आणि माझे थोरले साडू एका खोलीत फार वेळ सुखानं राहूच शकत नाहीत. वडनेर भोलजीला त्यांचा वांगी-मेथीचा मळा आहे, पण गावात ओळख आहे ती पेचकसाची. फवारणीचा पंप असो, मिक्सर असो की पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ, ते "पाहू बरं" म्हणाले की वस्तू खोलली गेलीच समजा. जळगाव जामोदला एका बारशात पाळणा कुरकुरतो म्हणून त्यांनी बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि अख्खा पाळणा सुटा केला. नाव ठेवायला तासभर उशीर झाला. पाळणा मात्र पुन्हा कुरकुरला नाही. निघालेले स्क्रू ते ताटात क्रमानं मांडतात आणि ताटाला कोणी हात लावला की ओरडतात, "पंगत उठवू नका!"

माझ्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपमधून टकटक आवाज येऊ लागला. दुकानदार म्हणाला, हार्ड डिस्क जाण्याच्या बेतात आहे; नवी टाकू, पण जुनीवरचं सगळं येईल याची हमी नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांचं एकुलतं एक चालतंबोलतं चित्रण, आमच्या हळदीचं, त्या डिस्कवरच होतं.

"दुकानात काऊन गेले? मी मेलो काय?" साडू फोनवर कडाडले आणि दुसऱ्या सकाळी रिक्षातून उतरले. वांग्यांच्या टोपल्यांमध्ये घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट बसवून आणला होता. "तुमच्या मशीनची बॅटरी मेलेली, आन् लाईनचा भरोसा नाई."

आधी नव्या डिस्कवर नक्कल उतरवायची, मग ती आत बसवायची, असं ठरलं. लाईन खरंच दोनदा गेली. इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं. दारात बाजाराला न्यायची वांगी सुकत होती, पण साडू पडद्यासमोरून हलले नाहीत. नव्वद टक्क्यांवर आकडा अडला. टकटक वाढली. एरवी कशालाही "होते ना!" म्हणणारा माणूस माझ्याकडे वळला.

"मास्तर, मामाजी यातच हायेत ना?" त्यांनी मला हळूच विचारलं. सासऱ्यांना ते मामाजी म्हणत, आणि मला मास्तर.

"हो, भाऊ."

ते उठले, टेबलफॅन ओढून लॅपटॉपवर लावला. "तापून राह्यलं बिचारं. दम घेऊ द्या." आम्ही तिघं नुसते बघत बसलो. बऱ्याच वेळानं आकडा एकानं पुढे सरकला.

दुपारपर्यंत नक्कल पूर्ण झाली. डिस्क बदलली, ताटातले स्क्रू जागच्या जागी गेले आणि लॅपटॉप बघता बघता सुरू झाला. बायकोनं चित्रण लावलं. हळदीनं माखलेले सासरे फोटोवाल्याला थांबवत होते, "थोरले जावई कुठी गेले? त्याइच्याबिगर फोटो काढाचा नाई!"

साडूंनी पेचकस खाली ठेवला.

"मी तवा मांडवामागं जनरेटर खोलून बसलो होतो," ते म्हणाले. "मामाजी बलावत होते, हे मले कोणं सांगतलंच नाई."

बायकोनं न विचारताच चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं.