काचेमागची कॉफी

नेस्टर ह्रित्साक मला पहिल्यांदा भेटला तो समोरून, उतारावरून आणि जवळजवळ आवाजाच्या वेगाने. मॅनिटोबातल्या आमच्या गावात पोस्टाच्या दाराला एक लाकडी उतार आहे. जानेवारीत त्यावरून धट्टीकट्टी माणसं कठडा धरून, देवाचं नाव घेत उतरतात. नेस्टर चाकाच्या खुर्चीतून आला. मांडीवर पार्सल, तोंडात चिरूट. "बाजूला हो, औषधवाल्या," असं म्हणत तो माझ्या दोन पायांच्या मधून गेला. निदान मला तरी तसंच आठवतं. मी उठून बसलो तेव्हा माझी टोपी त्याच्या पार्सलवर होती आणि तो म्हणत होता, "दोन पाय धड असून पडतोस? माझ्याकडे बघ, दोन वर्षांत एकदाही पडलो नाही."

पडला होता तो त्याआधी, धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून. कमरेखालचं सगळं कायमचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम कर, नाहीतर वरचंही थांबेल. नेस्टरने मान डोलावली आणि टीव्ही लावला. त्याला टीव्हीसमोरून हलवलं ते गॉर्डनने.

गॉर्डन आमच्या कर्लिंग क्लबचा अध्यक्ष. वीस किलोचा दगड बर्फावरून सरकवायचा, त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळायचं, आणि दगड वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा, असा हा खेळ. त्याच्यासाठी आमच्याकडे लग्नाच्या तारखा बदलतात. नेस्टर वीस वर्षं संघाचा कप्तान आणि गॉर्डन त्याचा उजवा हात. अपघातानंतरच्या वार्षिक सभेत नेस्टर म्हणाला, मी परत खेळणार. गॉर्डन उभा राहिला. "चाकांनी बर्फावर चरे पडतील, नेस्टर. तू आपला प्रेक्षकांच्या खोलीत काचेमागे बस. उबेत बसून मजा बघ. कॉफी फुकट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात गॉर्डन कप्तान झाला.

घरी जाऊन नेस्टरने बायकोला, ओल्याला, सांगितलं, "ह्याला एकदा हरवणार. आणि ती कॉफी ह्यालाच पाजणार."

आमच्या क्लबात जिंकणारा हरणाऱ्याला पहिला पेला पाजतो. हरणाऱ्याने त्याच्याच टेबलाशी, समोर बसून, तो संपवायचा. नाही म्हणायची सोय नाही. दुसऱ्या कुठल्या खेळात ह्याला सभ्यपणा म्हणतील. नेस्टरला त्यात फाशीचं तख्त दिसलं.

मग सुरू झालं. गॅरेजच्या तुळईला दोर बांधला, त्यावर हाताने वर चढायचं. रबरी पट्टे भिंतीला ठोकले आणि त्यांच्या मधोमध गावच्या पेपरातून कापलेला गॉर्डनचा फोटो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने मोजायला सांगितलं, तर हा मोजायचा, "एक गॉर्डन, दोन गॉर्डन." ओल्या माझ्या दुकानात मलम न्यायला यायची आणि म्हणायची, "काल चारशे गॉर्डन झाले. खांदे मी चोळायचे. त्यापेक्षा जाऊन एक थोबाडीत ठेवून ये म्हटलं, म्हणजे मी सुटेन." उन्हाळ्यात तो हाताने पेडल मारायची तीनचाकी घेऊन खडीच्या रस्त्यावर वीस वीस किलोमीटर जायचा. शेतावरचे कुत्रे आधी मागे लागायचे, नंतर दमून नाद सोडायचे.

डॉक्टर त्याच्या रक्तदाबाच्या प्रेमात पडले. म्हणाले, नगरभवनात चार लोकांसमोर बोल, तुझ्या जिद्दीबद्दल.

"जिद्द कसली," नेस्टर म्हणाला, "द्वेष आहे. रोज सकाळी ताजा मिळतो."

सहाव्या वर्षी क्लबात माणसं इतकी कमी झाली की संघ भरेनात. नाइलाजाने नेस्टरला घेतलं. गॉर्डनने स्वतः गुडघ्यांवर बसून त्याची चाकं पुसून तपासली. "चरे पडले तर बाहेर," तो म्हणाला.

"ह्याच जन्मात तुला माझ्या पायांशी बसलेलं बघितलं," नेस्टर म्हणाला. "अर्धं काम झालं."

नेस्टर लांब काठीने दगड ढकलायचा, मागून एक गडी खुर्ची धरून ठेवायचा. त्याच्या खांद्यांतून दगड असा निघायचा की मागचा गडी दर वेळी एक पाऊल सरकायचा. मार्चमध्ये अंतिम सामना लागला, नेस्टरचा संघ विरुद्ध गॉर्डनचा. शेवटी बरोबरी. नेस्टरचा दगड मध्यापासून वीतभर अंतरावर. शेवटचा दगड गॉर्डनचा. त्याने सोडला, आणि दुसऱ्यांवर विश्वास नसल्यामुळे स्वतःच झाडू घेऊन पुढे धावला. दगडाने नेस्टरचा दगड बाहेर उडवला आणि स्वतः मध्यावर बसला. लोक ओरडले.

आमच्याकडे पंच नसतो. चालत्या दगडाला कुणाचा झाडू लागला तर दगड बाद, पण ते त्यानेच सांगायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. झाडू लागला होता, आणि तो फक्त नेस्टरला दिसला होता. त्याचे डोळे इतरांपेक्षा बर्फाच्या जवळ. पुढे त्याने मला सांगितलं की त्या क्षणाइतका सुखी तो लग्नाच्या दिवशीही नव्हता. त्याला वाटलं, कॉफी गेली खड्ड्यात. हा माणूस गप्प बसणार, आणि तो लबाड आहे हे मला मरेपर्यंत माहीत असणार.

गॉर्डन झाडूकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "माझा लागला. दगड काढा."

त्याचा दगड काढला. नेस्टरचा परत जागेवर ठेवला. नेस्टर जिंकला, आणि त्याचा चेहरा घरी चोरी झाल्यासारखा झाला.

"सहा वर्षं," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आणि हा हरामखोर प्रामाणिक निघाला."

तरी कॉफी त्याने पाजलीच. काचेमागच्या त्याच मशीनची, सकाळपासून उकळलेली. गॉर्डन समोर बसला. एक घोट घेतला.

"डांबर आहे," तो म्हणाला.

"फुकट आहे," नेस्टर म्हणाला. "आरामात पी. मजा बघ."

गॉर्डनने कप खाली ठेवला. मग "साखर दे," म्हणाला, आणि तळाशी जाईपर्यंत प्यायला. नेस्टर एकेक घोट मोजत होता. ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्याने मलम मागितलं नाही. आठवड्याने मागितलं. फोटो भिंतीवरच होता.

पुढच्या मोसमात ते दोघे चार वेळा समोरासमोर आले. चारही वेळा गॉर्डन जिंकला.