आमच्यात

दोन हजार पंधरा साली इथे हॉलंडात सरकारनं म्हाताऱ्यांच्या घरकामाच्या मदतीचे पैसे कमी केले, आणि नगरपालिकेची एक बाई ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या माझ्या फ्लॅटवर बोलायला आली. या भेटीला त्यांनी नाव गोड ठेवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या गप्पा. गप्पा कसल्या, कात्री घेऊनच आली होती ती. पण मी आपली वेडी, पोहे केले.

माझे गुडघे तेव्हा पार कामातून गेले होते. आमचे हे जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा नगरपालिकेनं दिलेली एक सुरिनामी बाई यायची, फरशी पुसायची, चादरी बदलायची. ती घरात असताना मी आंघोळ उरकून घ्यायची, दार नुसतं लोटून. ती बाहेर मुद्दाम भांडी आपटत राहायची, मला ऐकू यावं म्हणून. एकटीनं राहणाऱ्या बाईला तेवढा आवाज पुरतो.

ती मदत टिकावी म्हणून मी मुलाला लायडनहून बोलावून घेतलं. मला डच येतं, पण दुकानापुरतं आणि डॉक्टरपुरतं. भांडणापुरतं येत नाही. म्हटलं, हा बोलेल. हा इथेच जन्मला. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. शाळेत पालकसभेला साडी नेसून येऊ नकोस, असं सांगणारा. मोठा झाल्यावरही तोंडी कायम ‘तुम्हा लोकांचं’, ‘तुमच्या इंडियात’.

बाईनं पोह्यांची तारीफ केली आणि विचारलं, “घरचं कोणी लक्ष देतं का तुमच्याकडे?”

मी तोंड उघडायच्या आत मुलगा ताठ बसला. डचमध्येच म्हणाला, “आमच्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडत नाहीत. आम्ही बघतो सगळं.”

आमच्यात. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. क्षणभर मला खरंच बरं वाटलं. मग बाईचा चेहरा खुलला, तुमच्या संस्कृतीचं आम्हाला किती कौतुक वगैरे झालं, आणि माझ्या लक्षात आलं की पोरानं माझा गळा कापला. हा येणार महिन्याकाठी एकदा, तेही अंगातला कोट न काढता बसणार.

खरं सांगता आलं असतं. तेवढं डच मला येत होतं. पण परक्या बाईसमोर पोटच्या पोराला खोटं पाडायचं? आमच्यात तसं करत नाहीत.

घरचे बघतात असं कागदावर लागलं आणि मदत बंद झाली. शेवटच्या दिवशी सुरिनामी बाई न्हाणीघर लख्ख घासून गेली. पडायच्या भीतीनं मी ओल्या टॉवेलनं अंग पुसून भागवू लागले. राग नगरपालिकेच्या बाईचा नव्हता, तिची ती नोकरी होती. माझ्या बाजूनं बोलायला आणलेला माणूस मला विकून, वर शाबासकी घेऊन गेला होता. त्याचा राग होता.

एका सकाळी त्याला फोन लावला. म्हटलं, “मला आंघोळ करायची आहे. दाराबाहेर बसायला कधी येतोस?”



“आपल्यात येतात ना?” मीच पुढे म्हटलं.

त्यानं उत्तर दिलं. मराठीत, स्वच्छ, एकही डच शब्द न मिसळता.

“आई, मला नाही जमणार.”