रविवारी न जन्मलेली माणसं

"मोजलंस काय?" असं म्हणत ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि माझं डोकं उठायचं. आमच्या या उसाच्या बेटावर, जन्मनोंदणीच्या कचेरीत माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. यंदा पाऊस फार झाला म्हणा, बस रोज उशिरा येते म्हणा, त्यांचा प्रश्न ठरलेला. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेलच, म्हणजे तुम्हाला माझी दया येईल.

तेवीस माणसं जमली की त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एकदा सें पिएर गावात मयताच्या घरी ते सगळ्यांना जन्मतारखा विचारत फिरले. मी लाजेने अर्धा झालो.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आमच्या वहीत रविवारी जन्मलेलं मूलच नाही. "मो फ्रेर, अरे भावा, आपल्या बायका आयतवारी बाळंत व्हत नाय काय?" कारण साधं होतं. ऊसतोडीचा रोज बुडवून कोण येणार? बाप सवडीने यायचा आणि उशिराबद्दल बोलणी नकोत म्हणून त्याच दिवसाची तारीख सांगायचा. रविवारी कचेरी बंद. एवढं शोधायला त्यांनी तीन महिने माझी जेवणाची सुट्टी खाल्ली.

माझ्या बहिणीला कांप दे मास्क गावचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरला होता. पुरोहितांनी कागदावरच्या तारखेवरून पत्रिका मांडली आणि जुळत नाही म्हणाले. ती आत जाऊन रडू लागली. भाऊ माझ्याबरोबर आलेले होतेच.

"मावशी, पोर खरी कवा झाली?"

आईने बाबांकडे बिचकत पाहिलं. "आयतवारी. त्या दिशी कारखान्याचा भोंगा वाजला नव्हता." बाबांनी बुधवारी जाऊन बुधवारच लिहवला होता.

मुलाकडची मंडळी बसलेली असतानाच नवी पत्रिका मांडली, ती जुळली. इथे तरी भाऊंनी गप्प बसावं ना! "बुवा, आजवर जुळवलेल्यांत कागदावरच्या तारखा किती? मोजलात काय?" मुलाचे वडील आपल्या बायकोकडे बघायला लागले. पुरोहित ताडकन उठले. "ह्यो मांडवात आला तर मी नाय येणार."

बाबांनी पुरोहितांपुढे हात जोडले. भाऊंना येऊ नका म्हणून सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बोन, बरं. पोरीचं लगीन होऊ दे." एरवी दिवसभर वाद घालणारा हा माणूस, त्या दिवशी मात्र भांडला नाही. मला त्याचा अजून राग येतो, आणि माझाही.

लग्नात पंगत बसली. बहीण पानांवरून नजर फिरवत माझ्यापाशी आली.

"भाऊ कुठं हायत? त्यांच्या पाया पडायचं हाय."

मी वाढप्याच्या हातातली भाताची परात घेतली आणि खाली मान घालून वाढत पुढे गेलो.