बाबांशी जुळलेले रिसेप्टर

रक्ताचं नातं अंतराने तुटत नाही, असं मी नागपूर सोडताना काका स्टेशनवर म्हणाले. खिडकीपाशी उभं राहून, सभेत बोलावं तसं. आईला तिथे ज्वारीचं पीठ मिळेल का, याची काळजी होती. बाबा पाण्याची बाटली भरायला गेले, ते गाडी सुटता सुटता परतले.

भोपाळमध्ये पीठ मिळतं. साकेत नगरात राहून मी आता रक्तावरच काम करते. रोगप्रतिकारक पेशींवर जंतू ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यांची जनुकं प्रत्येक पेशी डीएनएचे तुकडे जोडून घडवते. कुठला तुकडा येणार, जोडावर काय वाढणार, काय गळणार, सगळा योगायोग. एखादी जोडणी घडण्याची शक्यता किती, हे मी संगणकावर मांडते. सोप्या जोडण्या अनेकांत सापडतात. अवघड जोडणी एकाच माणसात होते आणि त्याच्याबरोबर संपते. बहुतेक अशाच असतात. रविवारी दुपारी घरात एकटं असताना हे आठवू नये.

आई गेल्यावर बाबा तिकडे एकटे, मी इकडे. कायमचे या, म्हटलं. आधी बघू, म्हणत ते हिवाळ्यात आले. शेजारच्या भाभी त्यांना ‘अंकलजी’ म्हणू लागल्या आणि मी मनातल्या मनात त्यांची खोली लावून टाकली. आमच्या प्रयोगशाळेला वयस्कर, निरोगी माणसांचे नमुने हवे होते. बाबांनी हौसेने बाही वर केली. माझा नमुना आधीच होता.

निकाल आल्यावर त्यांनी विचारलं, “तुझ्याशी किती जुळलं?”

दोन अनोळखी माणसांचं जुळतं, जवळपास तितकंच, मी सांगितलं. जुळल्या त्या सोप्या जोडण्या.

“मग तुला इतकी वर्षं पोसली कशाला?” ते हसले. जरा वेळाने म्हणाले, “तू सकाळी जातेस, बेटा. तिकडे दार वाजवणारं कोणीतरी असतं.”

मी त्यांचं परतीचं तिकीट काढलं.

घर म्हणजे आता संध्याकाळचा फोन. काय जेवलीस, काय जेवलात. तिकडे बाबा सगळ्यांना सांगतात, पोरीने मशीनवर तपासलं, आमचं रक्त जुळतं. मी दुरुस्ती करत नाही. काही जोडण्या खरंच जुळल्या होत्या. नमुना आमच्या विभागप्रमुखांनीही दिला होता. बाबांपेक्षा त्यांच्याशी माझ्या दोन जास्त जुळतात.